पिवळ्या पट्टीपाशी

संजीवनी सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या एका सुपरमार्केटची मॅनेजर होती आणि ट्रॉल्यांनी तिला मेटाकुटीला आणलं होतं. लोक सामान भरलेली ट्रॉली थेट आपल्या ब्लॉकपर्यंत ढकलत नेत आणि लिफ्टपाशी, जिन्याखाली, बसस्टॉपवर, काम संपेल तिथे सोडून देत. २०१६च्या मार्चमध्ये शेवटी टाउन कौन्सिलची नोटीस आली. ट्रॉल्या बाहेर जाणार नाहीत याची सोय दुकानानेच करायची, नाहीतर सापडेल ती जप्त.

संजीवनीने सोय केली. आवाराच्या कडेला जमिनीत चुंबकी पट्टी बसवून घेतली, वर पिवळा रंग मारला. ट्रॉली पट्टीवर आली की चाकं जागीच जाम.

पहिल्याच दिवशी, अकराच्या सुमारास, कॅशवरची सिती तिच्या केबिनमध्ये आली. "मॅडम, एक आंटी ट्रॉली सोडतच नाहीये. वाट अडवून उभी आहे."

"मग नियम समजावून सांग ना."

"सांगितला. नुसती मान हलवते."

संजीवनी वैतागून खाली उतरली. पट्टीपाशी पाच-सहा माणसं जमली होती. मधोमध एक म्हातारी पाठमोरी उभी होती, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून. ट्रॉलीत कोथिंबिरीची एक जुडी, बाकी काही नाही.

"आंटी, प्लीज," म्हणत संजीवनी पुढे झाली आणि थिजलीच.

ती तिची आई होती. हिरा. नागपूरहून चार महिन्यांसाठी आलेली, रोज सकाळी डबा हातात देणारी, आत्ता घरी असायला हवी होती ती आई.

"आई? अगं, तू इथे काय करतेस? सोड ती ट्रॉली, लोक खोळंबलेत."

हिराने तिच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम डवरला होता. "नाही सोडता येत, बाळा," ती हळूच म्हणाली. "सोडली तर मी पडेन."

संजीवनीने तिच्या कमरेत हात घातला, तेव्हा आईचा सगळा भार तिच्या अंगावर आला. डावा पाय जमिनीला नुसता टेकलेला होता.

सितीने खुर्ची आणली. ती चाचरत म्हणाली, "मॅडम, या तर रोज येतात. घडीच्या काठीवर हळूहळू येतात, काठी मिटून खांद्यावरच्या पिशवीत ठेवतात आणि ट्रॉली घेऊन जातात. तुमच्या आई आहेत हे मला माहीत नव्हतं."

रोज. घरी काठी तिने कधी पाहिलीच नव्हती.

टॅक्सीत तिने विचारलं, "कधीपासून?"

"पाच आठवडे झाले. बाथरूममध्ये पाय घसरला. घरात भिंत धरून भागतं गं, बाहेर नाही जमत. म्हणून ती गाडी."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझं तिकीट काढलं असतंस. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा तुझ्या घरी राहायला मिळालं मला."

'नसतं काढलं' असं संजीवनीच्या ओठांवर आलं, पण ते खरं नव्हतं. काढलंच असतं. 'तिकडे तुझी नीट काळजी घेतली जाईल' असंही वर म्हणाली असती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. खुब्याचं हाड मोडलं होतं. तुकडे एकमेकांत रुतून बसले होते, म्हणून ती आजवर उभी राहू शकली. "अशा पायाने या चालत होत्या?" त्यांनी विचारलं. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

संजीवनी एक्स-रेकडे बघत राहिली. पाच आठवडे तिने सकाळी आईच्या हातच्या गरम पोळ्या खाल्ल्या होत्या. ओट्यापाशी आई एका बाजूला रेलून उभी असते हे तिने पाहिलंही होतं. तिला वाटलं होतं, आई आरामात उभी आहे.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर हिराने पहिला प्रश्न विचारला, "तिकीट कधीचं?"

"नाही काढलं," संजीवनी म्हणाली आणि तिच्या हातावर डोकं टेकवून रडत राहिली.