खिडकीतला कप

विद्यापीठाचे साहेब सोमवारी अकराला बरण्या बघणार होते. त्यांनी पसंती दिली तर अंजना गायकवाडची पीएचडीची नोंदणी होणार होती. नाही तर पुढची खेप दोन वर्षांनी. शिरूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून तिचं हे चौथं वर्ष होतं.

बरण्या बारा, जॅमच्या. दिवाळीच्या सुट्टीत तिनं रत्नागिरीच्या खडकावरून हिरवं, कागदासारखं पातळ समुद्री शेवाळ आणलं होतं, आणि एसटीच्या टपावर दोन कॅन खारं पाणी. शेवाळाचे बीजाणू औषधांनी निर्जंतुक करून तिनं उकळून गार केलेल्या त्याच पाण्यात सोडले. पहिल्या ओळीतल्या सहा बरण्या तशाच ठेवल्या. दुसऱ्या ओळीतल्या सहांत खडकावरून आणलेल्या जुन्या पानावरच्या बुळबुळीत पाण्याचा एकेक थेंब टाकला. त्या थेंबात जिवाणू होते, एवढाच फरक. बरण्या संपल्या, म्हणून ते जुनं पान तिनं आपल्या कपात ठेवलं.

तो कप, कान तुटलेला, ती रुजू झाली त्याच दिवशी तिच्यासाठी वेगळा काढला होता. बाकीच्यांचे कप माठापाशी, हा खिडकीत. ती दौंडच्या बौद्धवाड्यातली, हे कळल्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. कप तेवढा खिडकीत गेला. ती त्यातून कधी घोटभर पाणी प्यायली नाही.

दोन महिन्यांनी पहिल्या ओळीत नुसते रव्यासारखे दाणे होते. दुसऱ्या ओळीत बोटभर पानं उभी राहिली, आणि गेल्या आठवड्यात त्यांच्या कडा फिकट पडू लागल्या. नवे बीजाणू सुटत होते. त्या बुळबुळीत थेंबावाचून शेवाळाला धड रूपही येत नव्हतं आणि त्याचा वंशही वाढत नव्हता.

रविवारी ती दौंडला आईकडे जाऊन आली. सोमवारी पहिल्या एसटीनं परतली, तर फाटकापासून फक्कीच्या रेघा मारलेल्या, आणि प्रयोगशाळेत फिनेलचा भपकारा. टेबलावर सहाच बरण्या. पाणी काचेसारखं नितळ.

"गेणबा मामा, दुसरी ओळ कुठंय?"

"ती गढूळ व्हय? मोरीत वतली की," गेणबा शिपाई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. "सर म्हनले, पाव्हनं येनार, घान दिसाया नको. धा बादल्या पानी लागलं, बाई. बरन्या बघा कशा चकाचक केल्यात!"

विभागप्रमुख जयसिंगराव नवा कोट घालून आले. "तुमच्याच भल्यासाठी केलं, बाई. कुबट वास मारत होता."

"सर, तोच तर प्रयोग होता."

"स्वच्छता हा विज्ञानाचा पाया आहे. सवय नसेल, तर लावून घ्या."

साहेब आले. भिंगातून बराच वेळ दाणे बघत राहिले. "यात पान कुठंय?"

"यात येतच नाही, साहेब. जिवाणू काढले की नुसते दाणे होतात. दुसऱ्या ओळीत पानं होती."

"मग ती दाखवा."

"सडली हो, साहेब," जयसिंगराव चहाचा कप पुढं करत म्हणाले. "टाकून द्यावी लागली."

"सडली नव्हती. ही रोजची मापं," अंजनानं वही पुढं केली.

साहेबांनी वही उघडली नाही. "मापं कुणीही लिहील. मी दिसतं ते लिहिणार." त्यांनी लिहिलं: संवर्धन अयशस्वी. मग मंडळी जीपनं तळेगाव ढमढेऱ्याला, जयसिंगरावांच्या रानात हुरडा खायला गेली.

अंजना रिकाम्या बरण्या कपाटात लावायला लागली, तेव्हा तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. कपात गढूळ पाणी तसंच होतं, आणि त्यात जुनं पान. समुद्रात वाढलेलं ते एक पान साहेबांपुढं काहीच सिद्ध करू शकलं नसतं. पण नव्या बरण्यांसाठी थेंब त्यातूनच निघणार होता.

"मामा, सगळं धुतलंत. हा कप कसा राहिला?"

"त्याला कोन हात लावतंय?" गेणबा बोलून गेला, आणि मग जीभ चावून म्हणाला, "म्हंजी… तसं न्हाई वो, बाई."

"तसंच आहे, मामा."

तिनं कप उचलला आणि कुलपाच्या कपाटाकडे निघाली. कपाटाची दुसरी किल्ली सरांकडे असायची. अर्ध्या वाटेवरून ती मागं वळली आणि तिनं कप पुन्हा खिडकीत ठेवला.