कोपऱ्यातली वाळू

टाचोबानं उजवी टाच वाळूत रोवली, अर्धी फिरवली आणि डोळे मिटून घेतले. कठड्याबाहेर तट्टावर बसलेल्या नातीनं श्वास रोखून धरला. तट्टाचा लगाम तिच्या आईच्या, म्हणजे टाचोबाच्या लेकीच्या, हातात होता.

"काय म्हणतेय जमीन, आजोबा?"

"म्हणतेय, सकाळी तो पांढरा घोडा माझ्या अंगावर लीद टाकून गेला आणि साधं 'चुकलं' म्हणाला नाही."

पोर खिदळली. टाचोबाही हसला. जमीन मात्र काहीच म्हणाली नव्हती. थंडीपासूनच तिनं त्याच्याशी अबोला धरला होता. अंगातल्या साखरेनं त्याचे तळवे आतून पोखरले होते. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही सोडून गेल्या. हे त्यानं घरातल्या भिंतीलासुद्धा कळू दिलं नव्हतं.

कळू देणार कसं? या घोडेशाळेचा रिवाजच असा, की टाचोबानं अनवाणी फेरी मारून "चालू दे" म्हटल्याशिवाय एकही खूर रिंगणात पडत नसे. रिंगण त्यानंच बांधलेलं. माती उपसून खाली दगडाचा थर, वर खडी, पाणी निघून जाईल एवढा उतार आणि सगळ्यावर टोकदार कणाची वाळू. गुळगुळीत गोल दाण्याची वाळू आली तेव्हा त्यानं गाडीच परत पाठवली होती. "घोड्याला गोट्यांवर नाचवायचंय का?" वाळू सैल पडली तर घोड्याच्या शिरा ताणतात, घट्ट बसली तर हाडं ठेचतात. या दोहोंच्या मधलं काय ते टाचोबाच्या टाचेला कळे. त्या टाचेच्या कहाण्या तोच पिकवी. एकदा म्हणे तिनं वाळूत हरवलेली अंगठी शोधली. एकदा कुठला घोडा शिंकणार ते आदल्या दिवशी सांगितलं. घोडा शिंकलाही. घोडे शिंकतातच, ही गोष्ट वेगळी.

अलीकडे त्याला लांबच्या कोपऱ्याचं फार कौतुक. "बाकी रिंगणाची चाळण होते, पण तो कोपरा बघा! इस्त्री मारल्यासारखा." असं तो म्हणाला की लेक खाली वाकून खोगिराचं बक्कल तपासू लागे.

आज नात पहिल्यांदाच एकटी जाणार होती. सकाळचे घोडे होऊन गेले होते, पण तिच्यासाठी त्यानं मुद्दाम दुसरी फेरी मारली.

"चालू दे!" त्यानं आरोळी ठोकली.

लेकीनं पोरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि लगाम सोडला. तट्टू आत शिरलं. टाचोबा बाहेर येऊन नालबंदाशेजारी बाकावर टेकला. नालबंदाची जीभ त्याच्या कानशीपेक्षा खरखरीत.

"काय रे टाचोबा, वाळूला कुंकू लावायला कधीपासून लागलास?"

टाचोबानं मागं वळून पाहिलं. त्याच्या पावलांच्या रांगेत एक सोडून एक ठसा लाल होता.

नालबंदानं घोड्याचा धरावा तसा त्याचा पाय गुडघ्यांत धरला. टाचेत नालेचा खिळा बसला होता, पार डोक्यापर्यंत. त्यानं पकड लावली आणि ओढला. टाचोबा नातीकडे बघत होता.

"झालं का?" त्यानं विचारलं.

नालबंद खिळा हातात घेऊन तसाच बसला.

"एखाद्या घोड्यानं मला आत्तापर्यंत भिंतीला चिकटवला असता," तो म्हणाला. आवाजात थट्टा उरली नव्हती. "केव्हापासून रे?"

टाचोबाचं लक्ष नव्हतं. तो वाळू बघत होता. सकाळच्या घोड्यांच्या खुरांचे ठसे कठड्याला धरून गेले होते. लांबच्या कोपऱ्याआधी ते आत वळले होते आणि कोपरा संपल्यावर पुन्हा कठड्याला येऊन मिळाले होते. एकूण एक. कोपरा इस्त्री मारल्यासारखा. आणि तट्टू कठडा न सोडता, दुडक्या चालीनं, सरळ तिकडेच निघालं होतं.

"थांब!"

पोरीनं लगाम खेचला. तट्टू कोपऱ्याच्या तोंडाशी येऊन थबकलं.

टाचोबा लंगडत गेला, गुडघ्यांवर बसला आणि हातांनी वाळू उकरू लागला. वीतभर खाली असायला हवी होती ती खडी बोटाच्या पेराएवढ्या वाळूखालीच लागली. तळ फुगून वर आला होता. खूर घसरला असता, तट्टू पोरीसकट कठड्यावर गेलं असतं.

लेक धावत आली.

"तुला सांगितलं होतं ना, या कोपऱ्यात जायचं नाही म्हणून?"

"पण आजोबांनी चालू दे म्हटलं होतं," पोर म्हणाली.

टाचोबानं हातांची वाळू झटकली. बराच वेळ झटकत राहिला.

"सगळ्यांनाच ठाऊक होतं?"

"तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगायचं, बाबा?"

नालबंद कठड्यापाशी उभा होता. खिळा अजून त्याच्या मुठीत होता. त्यानं आपले जाडजूड बूट काढले आणि बाकाखाली सरकवले.

लेकीनं कोपऱ्यावर आडवा बांबू टाकला. मग तिनंही बूट काढले आणि राहिलेल्या रिंगणाची अनवाणी फेरी मारली. जिथं टाचोबा थांबे तिथं ती थांबत होती, टाच रोवत होती, अर्धी फिरवत होती. पाय सरावलेला दिसत होता.

"चालू दे," ती म्हणाली. शेवटचा 'दे' थेट बापासारखा लांबवून.

पोर हलली नाही. ती आजोबांकडे बघत होती.

टाचोबा बाकावर बसून, जखमेवर फडकं बांधून, नालबंदाचे बूट पायांत चढवत होता. उजवा नीट चढला की नाही, हे त्याला वाकून बघावं लागलं.

"ऐकलंस ना?" तो बुटाला म्हणाला.