तिसऱ्या दिवसाचं पीठ

चर्चचे पाळक रंगराव यांनी उपडी पाटी उचलायला हात घातला, तसा चिमाबाईनं तो वरच्या वर दाबून धरला.

“न्हाई, पाळकसायब. सकाळपत्तूर हलवायची न्हाई.”

पाटीखाली रेशनच्या मिलोचं, त्या लाल परदेशी ज्वारीचं, पीठ पसरलेलं होतं. त्याच जागी शुक्रवारी सकाळी तिचा एकुलता जयसिंग तापानं गेला होता. कासारवाडीतली ती एवढीशी खोली. रुळांवरून गाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची. मेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, हे पिठात उमटलेल्या पावलावरून बघायची चाल रंगरावांना ठाऊक होती. बाप्तिस्मा घेऊन इतकी वर्षं झाली तरी ही खोड जात नाही, म्हणून त्यांचं डोकं फिरलं.

“हे आपलं नव्हे, चिमाबाई. जयसिंग प्रभूकडे गेला. झाडून टाका.”

“गेला, पर कशावरनं? तुमीच वाचून दावलं, तिसऱ्या दिशी उठला म्हून. उद्या तिसरा दिस. माझं पोरगं उठलं का न्हाई, ते मला कळाया नगं?”

रंगरावांनी पाटीवरचा हात काढून घेतला. सकाळी उपासनेआधी येतो आणि मीच झाडतो, एवढं बजावून ते निघाले.

रविवारी ते आले तेव्हा सून कुसुम दारातच उभी होती. तोंड पांढरंफटक. आत चिमाबाई पाटी बाजूला ठेवून बसली होती. पिठात एकच पाऊल होतं. उजवं, अनवाणी, पाचही बोटं स्पष्ट. टाच मात्र भिंतीला भिडलेली. तिथून यायला वाट नव्हती.

“कुसुम, खरं सांग,” रंगराव म्हणाले.

“ठेवणार व्हते मी पाय,” ती हळूच म्हणाली. “आत्याबाईंना बरं वाटावं म्हून. पाटी उचलली तर ह्ये आधीच व्हतं.”

त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. लहानसे होते. हे पाऊल चांगल्या उंच गड्याचं होतं.

रंगराव गुडघे टेकून वाकले. पावलाच्या मधोमध, रुपयाएवढ्या जागेत, पीठ दबलंच नव्हतं. तेवढ्या भागात पायाला मांस नसावं, तसं ते उंच राहिलं होतं. ज्याच्या नावानं जन्मभर बोललो तो खरोखर येईल, असं आपल्याला कधी वाटलंच नव्हतं, हे त्यांना तिथे कळलं आणि ते घाबरले.

“खिळ्याची जागा हाय ती,” चिमाबाई म्हणाली. “ह्ये माझ्या पोराचं न्हाई.”

तिनं केरसुणी ओढली.

“राहू द्या.” रंगरावांनी तिचा हात धरला. “चिमाबाई, हे कुणाचं आहे ते कळतंय ना?”

“कळतंय की. पर म्या जयसिंगाची वाट बघत व्हते.”

तिनं हात सोडवून घेतला, पाऊल झाडून सुपात भरलं आणि डब्यातलं नवं पीठ मुठीमुठीनं पसरलं. तिचे डोळे वाहत होते, हात थांबत नव्हते. मग भिंतीकडे तोंड करून, शेजारणीला निरोप सांगावा तशा आवाजात ती म्हणाली,

“आज एकलाच आलास. उद्या त्याला संगं आण.”

मंडळी उपासनेला जमून वाट बघत असणार. रंगराव उठले नाहीत. त्यांनी पाटी ओढून घेतली आणि आपल्या हातानं पिठावर झाकली.