गाडीचे मागचे डोळे

माझे नाव इंद्रजित आहे. नाव ठेवणाऱ्यांनी ते मोठ्या विश्वासाने ठेवले असणार. इंद्र राहिला दूर, आठवडी बाजारात रांग मोडून पुढे घुसणाऱ्या माणसालाही मी आजवर जिंकलेले नाही. मी सरकून त्याला जागा देतो आणि वर ओशाळून हसतोही.

अशा माणसाने फिरते घर बांधावे, हा एक विनोदच होता. मी एक जुनी ट्रॅव्हलर विकत घेतली, आतली बाके काढून तिच्यात पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि खिडक्यांना पडदे बसवले. टिपेश्वरचे जंगल पाहायला येणाऱ्या कुटुंबांना ती भाड्याने द्यायची, असा बेत होता. लोकांनी माझ्या घरात बसून दूरदूर जावे आणि मी घाटंजीत थांबून त्यांच्या परतण्याची वाट पाहावी, हा धंदा माझ्या स्वभावाला फार मानवला.

अडचण एवढीच होती की आमच्या घराकडे जाणारा बोळ गाडीपेक्षा जेमतेम हातभर रुंद आहे आणि आत गाडी वळत नाही. म्हणून ती रोज संध्याकाळी उलटी आत न्यावी लागे. बोळाच्या तोंडाशी रुपालीचे शिलाईचे दुकान आणि त्यालाच लागून तिचे घर. गाडीचे पडदे आणि गादीची खोळ तिनेच शिवली होती. गिअर पडल्याचा आवाज आला की ती गळ्यात टेप तशीच ठेवून बाहेर येई, गाडीच्या मागे उभी राही आणि पत्र्यावर थाप मारत म्हणे, "येऊ द्या भाऊ, येऊ द्या, येऊ द्या... बस."

आमचे सारे संभाषण एवढेच. पण मी त्यावर रात्र काढू शकत असे. 'येऊ द्या' मध्ये किती निमंत्रण आहे आणि 'बस' मध्ये किती नकार, याचा मी फार खोल विचार केला होता. राहता राहिला तो 'भाऊ'. आमच्याकडे हा शब्द रिक्षावाल्याला, तलाठ्याला आणि अनोळखी वाटसरूला सारखाच लावतात, तेव्हा त्यात नात्याचे काही नसते, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. ती समजूत साधारण पहाटेपर्यंत टिके.

मग एका सकाळी टाकीत पाणी भरताना मला भिंतीपलीकडून रुपालीच्या आईचा, कांताबाईंचा आवाज ऐकू आला. त्या माझ्या आईला सांगत होत्या, की रविवारी उमरखेडचे पाहुणे रुपालीला पाहायला येणार आहेत. मुलगा चांगला आहे, बोलका आहे. 'बोलका' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

दुसरा एखादा माणूस हातातली नळी टाकून तडक तिच्या दाराशी गेला असता. मी शकीलच्या गॅरेजमध्ये गेलो आणि गाडीला रिव्हर्स सेन्सर बसवून घेतले. जिचे लग्न ठरत आहे तिला रोज बोळात उभे करणे बरे नव्हे, शिवाय तिच्या आवाजावाचून गाडी मागे घेण्याची सवय आपणही लावून घ्यावी, असा माझा हिशेब होता. भित्रेपणाला मी त्या दिवशी विवेक असे नाव दिले.

शकील शाळेपासूनचा मित्र. त्याने बंपरला चार भोके पाडली, भोकांत गोल चकत्या बसवल्या, तारा मागच्या पांढऱ्या दिव्याला जोडल्या आणि स्टिअरिंगसमोर अंतर दाखवणारा एक लहानसा पडदा चिकटवला. "घे, तुझ्या गाडीले मांगून चार डोळे लावून देल्ले," तो म्हणाला. मी रिव्हर्स गिअर टाकला. मागे मोकळे मैदान होते, तरी यंत्र जिवाच्या आकांताने ओरडू लागले. शकीलने मागे जाऊन पाहिले आणि तो पोट धरून हसत परतला. टपावर चढण्यासाठी मी मागच्या दाराला शिडी लावली होती. यंत्र तिलाच अडथळा समजत होते.

"कशी गाडी हाय रे? आपल्याच शिडीले भेऊन राह्यली," तो म्हणाला.

मला त्या यंत्राविषयी प्रथमच आपुलकी वाटली.

शिडी बाजूला बसवल्यावर शकीलने मला त्याचे तंत्र समजावले. या चकत्या आवाज सोडतात. तो आपल्याला ऐकू येत नाही. मागच्या वस्तूवर आपटून तो परत आला की ती किती दूर आहे हे यंत्राला कळते. "आता मांगं कोनाले उभं कराची गरज नाई," त्याने खात्री दिली.

मी घरी निघालो तो विचारात बुडून. माणसाला ऐकू येणार नाही अशा स्वरात साद घालायची आणि उत्तराची वाट पाहायची, ही पद्धत मी कितीतरी काळ वापरत होतो; त्यासाठी बाजारात यंत्र मिळते हे मात्र मला ठाऊक नव्हते.

संध्याकाळी रुपाली नेहमीप्रमाणे बाहेर आली. यंत्राची टिकटिक ऐकून ती थबकली.

"हे काय वाजून राह्यलं?"

"सेन्सर," मी खिडकीतून म्हणालो. "आता तुम्हाला त्रास होणार नाही."

"तरास होते असं मी कधी म्हन्लं?"

या प्रश्नाला निदान चार सुंदर उत्तरे होती. ती मला जेवताना सुचली. त्या क्षणी मी म्हणालो, "नाही, तसे नाही."

"बरं झालं मंग," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती बाहेर आली नाही. मी गाडी मागे घेत असे, दुकानात शिलाई मशीन चालू असे, आणि माझ्या कानाशी टिकटिक वाढत जाऊन एका अखंड चीत्कारात संपत असे. यंत्र मला भाऊ म्हणत नव्हते. एवढी प्रगती झाली होती.

शनिवारी दुपारी मी परतलो. पाहुण्यांना बसवण्यासाठी कांताबाईंनी जुनी गादी उसवून कापूस पिंजून घेतला होता आणि बोळाच्या तोंडाशी चादरीवर उन्हात त्याचा कमरेएवढा ढीग लावला होता. मला तो दिसला नाही, कारण मी मागे पाहतच नव्हतो. मी श्रद्धेने पडद्यावर नजर ठेवून होतो. यंत्र गप्प होते. रुपाली हातात कात्री घेऊन पायरीवर उभी होती, तीही गप्प. धक्का असा बसलाच नाही. एखाद्या ढगात शिरावे तशी गाडी अलगद मागे गेली आणि खिडकीवरून पांढरे पुंजके उडू लागले.

"तुम्ही इथेच होता?" मी विचारले.

"इथंच होती."

"मग सांगितले का नाही?"

"तुमची मशीन सांगन म्हन्लं. तिले कामावर लावलं न तुमी." मग तिचा आवाज चढला. "आता उतरा न खाली, इंद्रजित. अजून त्या पडद्यात काय पाहून राह्यले?"

मी उतरलो. 'भाऊ' कुठेतरी गळून पडला होता. मी तो शोधायच्या भानगडीत पडलो नाही.

चाकाखालचा कापूस ग्रीस आणि मातीने काळा झाला होता. काय करावे हे न सुचल्याने मी शकीलला फोन लावला.

"कापसाचं नाई सांगत ते," तो शांतपणे म्हणाला. "कापूस आवाज पिऊन टाकते. भिंत असती त बराबर ओरडलं असतं."

"यवतमाळ जिल्ह्यात विकताना हे आधी सांगायला नको होते का?"

"तू इचारलं कुठं?"

तोवर कांताबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "आता उद्या पाहुण्याइले बसवू कुठं मी?"

आणि येथे मी माझ्या आयुष्यातील सर्वांत विनयशील मूर्खपणा केला. "काकू, माझ्या गाडीतली गादी नवीन आहे. पाहुण्यांसाठी ती घ्या," असे मी म्हणालो. रुपालीने माझ्याकडे एकदाच पाहिले आणि ती आत निघून गेली. कांताबाई मात्र खूश होऊन राहिलेली शिलाई उरकायला मशीनवर जाऊन बसल्या.

मी गादी डोक्यावर घेतली. प्रतिस्पर्ध्याला बसायला आसन डोक्यावरून वाहून नेणारा इंद्रजित बहुधा मीच पहिला असेन. दारात रुपाली आडवी उभी होती.

"कायले आणली?"

"पाहुण्यांसाठी."

"कोनाच्या पाहुण्यांसाठी?"

गादीचे दोन्ही काठ माझ्या कानांवर लोंबत होते आणि मला फक्त तिचे पाय दिसत होते. पुढे जे घडले त्याचे श्रेय मी गादीला देतो. तिच्या डोळ्यांत पाहावे लागले असते तर मी हवामानाविषयी काहीतरी बोललो असतो.

"ते पाहुणे येऊ नयेत, असे मला वाटते," मी म्हणालो.

आत मशीन चालूच होती. तिचे पाय एक पाऊल जवळ आले.

"मंग हे मले काहून सांगून राह्यले? आईले सांगा," ती म्हणाली. "अन् मोठ्यानं सांगा. मशीनपाशी तिले ऐकू येत नाई."

मी सांगितले. पहिल्या खेपेला माझा आवाज गादीतच जिरला. दुसऱ्या खेपेला तो एवढा मोठा निघाला की समोरच्या घराचे दार उघडले आणि आत मशीन थांबली.

"कोन आलं वं रुपाली?" कांताबाईंनी विचारले.

"पाहुणे आले."

"आजच?" आत खुर्ची सरकली. मी काय ओरडलो होतो ते त्यांच्यापर्यंत हळूहळू पोहोचत असावे. "बरं," त्या अखेर म्हणाल्या, "च्या मांडू का त्याहीच्यासाठी?"

"नको, नको," मी सवयीने म्हणालो.

"मांड," रुपाली म्हणाली आणि तिने गादीचे दुसरे टोक धरले.