गहिनीनाथचा डाग

"दिव्यानंच झालं ना, मिस्त्री?" म्हाळूनं विचारलं, आणि अंगणात जमलेल्या सगळ्यांनी गहिनीनाथकडं पाहिलं.

गहिनीनाथ जळक्या पेटीत डोकं घालून उकिडवा बसला होता. सोलर पंपाची ही पेटी मागच्या वर्षी त्यानंच बसवली होती, शेळ्यांच्या छपराच्या लाकडी मेढीला, सावलीत राहावी म्हणून. आता मेढीचा कोळसा झाला होता, पेटीचं झाकण वितळून लोंबत होतं. छप्पर, त्याला टेकून रचलेली कडब्याची गंजी आणि आत बांधलेल्या गाभण शेळ्या, सगळं अमावस्येच्या दुपारी गेलं. माणसं उरलेला कळप घेऊन माळावर गेली होती. ती पळत येईपर्यंत विझवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"ही दर आवसंला त्या पेटीला हळद-कुकू लावती, दिवा लावती," म्हाळूची भावजय कडूबाई म्हणाली. "पाणी देती म्हणून लक्ष्मी म्हणं. घ्या आता लक्ष्मी!"

म्हाळूची बायको भिवराबाई पदर तोंडाला लावून लांब उभी होती. तिनं कडूबाईला उलट उत्तर दिलं नाही. एरवी ती ऐकून घेणारी बाई नव्हे.

गहिनीनाथनं सोलरच्या प्लेटांकडून येणाऱ्या वायरच्या स्क्रूला बोट लावलं. स्क्रू नुसत्या बोटानं फिरला. वायरचं टोक जाग्यावर नव्हतंच, तिथं तांब्याची वितळलेली गोळी होती. पेटी बाहेरून जळाली नव्हती, आतून जळाली होती. एका नजरेत त्याला सगळं कळलं.

"मिस्त्री, मी इचारतोय."

"होय," गहिनीनाथ म्हणाला. "दिव्यानं होऊ शकतं." आणि पुरेसं झालं नाही म्हणून की काय, त्यानं मानही हलवली.

म्हाळूनं बायकोकडं पाहिलंसुद्धा नाही. "कडू, आजपून शेळ्यांचं तू बघ. हिला त्यांच्याजवळ जाऊ दिऊ नगंस."

भिवराबाई तेवढं ऐकून मागं वळली आणि घरामागं गेली.

गहिनीनाथ मोटारसायकलवरून आष्टीला परतला, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दिवा पहाटे लावलेला. पेटी पेटली ती भर दुपारी, उन्हाचा जोर असताना. चमचाभर तेलाचा दिवा दुपारपर्यंत जळत नाही, हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही उमगलं असतं. पण रागाच्या आणि दुःखाच्या भरात तेवढा विचार कुणी केला नाही. गहिनीनाथनं केला होता. मान हलवायच्या आधीच केला होता.

सोलर येण्याआधी गहिनीनाथ रेडिओ-टीव्हीवाला होता, आणि त्याच्या डागाचा सगळ्या बाजारपेठेत बोलबाला होता. डाग म्हणजे झाळकाम, सोल्डरिंग. कथिलाची तार, गरम सळई, आणि वर एक चकचकीत, गोल, मोत्यासारखा थेंब. "गहिनीनाथचा डाग हाय, आता निघत न्हाई," असं गिऱ्हाईकच एकमेकांना सांगायची. पुढं टीव्ही दुरुस्तीला यायचे बंद झाले आणि त्यानं सोलर धरलं. ते शिकवायला बीडला एक वर्ग भरला होता. शिकवायला प्रियदर्शनी नावाची एक इंजिनिअर मुलगी होती, त्याच्या पोरीच्या वयाची.

तिनं सोलरची वायर सोलून दाखवली होती. आत केसासारख्या बारीक तारांची जुडी. "ही अशीच स्क्रूखाली दिली तर तारा फाकतात, निम्म्या बाहेर राहतात. म्हणून टोकाला ही तांब्याची टोपी घालायची आणि पकडीनं दाबायची. तारा कापून बारीक करायच्या नाहीत. आणि झाळायच्या तर अजिबात नाहीत."

"कावून?" गहिनीनाथनं विचारलं होतं. "डागानं तर तारा एकजीव व्हत्यात."

"डाग मऊ असतो. स्क्रूच्या दाबानं रोज थोडा थोडा चेपत जातो. ऊन, गारवा, ऊन, गारवा. वर्ष-दीड वर्षात स्क्रू ढिला पडतो, मग ठिणग्या."

"मॅडम, माझा डाग आजवर निघालेला न्हाई."

"रेडिओत डागावर स्क्रू नसतो, काका."

वर्ग हसला. खरं तर गहिनीनाथला तिचं म्हणणं कळलं होतं. पण ते 'काका' त्याच्या डोक्यात गेलं. टोप्यांची पिशवी त्यानं दुकानाच्या फळीवर टाकली आणि बसवलेल्या प्रत्येक पंपाला आपला डाग दिला. मुद्दाम दिला. पेटी उघडून गिऱ्हाइकाला दाखवायचा, बघा कसा चमकतोय. म्हाळूलाही दाखवला होता. तेव्हा भिवराबाई मागून वाकून म्हणाली होती, "लई गोड दिसतंय की, नाकातल्या मोरणीवाणी." त्यालाही तेव्हा लई गोड वाटलं होतं.

आता ते आठवून त्याला स्वतःची किळस आली. शेळ्या आपल्यामुळं मेल्या, हे एक. पण चूक माणसाकडून होते. ज्या बाईनं काहीच केलं नाही तिच्या माथी ती मारून आपण निघून आलो, याला काय म्हणायचं? त्याला शब्द माहीत होता: हरामखोरी. त्यानं तो स्वतःशी दोनदा उच्चारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टोप्यांची पिशवी आणि पकड घेतली आणि पुन्हा वस्ती गाठली. भिवराबाई विहिरीच्या कडेला एकटीच शेण गोळा करत होती. कुंपणाच्या वाड्यात उरलेल्या शेळ्या ओरडत होत्या. त्यांचा आवाज आला की तिचा हात थांबायचा.

"वैनी, थोडं बोलायचं हाय."

"बोला की, भाऊ."

"तुमच्या दिव्यानं कायबी झालेलं न्हाई. चूक माझी हाय. वायर ढिली झाल्ती. मी डाग द्यायला नगं हुता."

भिवराबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी लई चांगलं माणूस हायसा, भाऊ. माझं मन राखाया एवढ्या लांबून आलासा. पर मला म्हाईत हाय. वातच उडाली आसंल. माझ्याच हातानं गेली माझी लेकरं."

"आवो, मन राखाया न्हाई! खरंच सांगतोय."

"जाऊ द्या, भाऊ. च्या घिऊन जावा."

चांगलं माणूस. गहिनीनाथला जोड्यानं मारल्यागत झालं. खोटं बोललो ते सगळ्यांनी एका दमात मान्य केलं, आणि खरं बोलतोय तर ही बाई आपले उपकार मानतेय.

"वैनी, सटवाच्या मळ्यापर्यंत चला. एक बार चला."

सटवाचा मळा ओढ्यापलीकडं होता. त्याचाही पंप गहिनीनाथनं म्हाळूच्या मागोमागच बसवला होता. सटवा बाजाराला गेला होता. गहिनीनाथनं आधी प्लेटांखालचे जोड सोडले, मीटर लावून करंट नसल्याची खात्री केली, मग पेटी उघडली. आत त्याचा डाग होता. मोत्यासारखा गोल राहिलेला नव्हता, स्क्रूखाली चपटा होऊन काळवंडला होता.

"हितं कुणी दिवा लावलाय का, वैनी?"

"न्हाई. सटवा कशाला दिवा लावतोय! त्यो सोताच्या घरात लावत न्हाई."

"मग ही वायर धरा आन वढा. भिऊ नगा, करंट न्हाई."

तिनं भीतभीत दोन बोटांनी धरली आणि ओढली. वायर तिच्या हातात आली. स्क्रूला कुणी पेचकस लावला नव्हता.

भिवराबाई त्या टोकाकडं बघत राहिली. मग रिकाम्या भोकाकडं, मग पुन्हा टोकाकडं. वायरभोवतीचं प्लास्टिक करपून तपकिरी झालं होतं. तिनं त्याचा वास घेतला, आणि तो वास तिनं ओळखला. जळक्या पेटीला हाच वास होता.

"म्हंजे मी न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"मी न्हाईच." ती खाली बसली. हसतेय की रडतेय ते त्याला कळेना. मग तिनं तोंड पुसलं आणि वर पाहिलं. मघाचा 'भाऊ' त्या नजरेत नव्हता.

"हे तुमाला कवा कळलं?"

गहिनीनाथला खोटं बोलायची संधी होती. ती त्याला दिसलीही. "काल," तो म्हणाला. "पेटी बघितली तवाच."

"आन तरीबी मान हलवली."

गहिनीनाथ सुट्या स्क्रूवर बोट फिरवू लागला.

"शेळ्या तर गेल्या," भिवराबाई म्हणाली. "जनावर हाय, मरतंय. पर तुमी मान हलवली, मिस्त्री. माझ्या देखत. मला रातभर वाटलं, आपल्या हातालाच कायतरी हाय." तिनं वायर त्याच्या हातात दिली आणि उठली. "चला. जे मला सांगितलं ते समद्यांम्होरं सांगा."

ती पुढं आणि तो मागं, असे ते वस्तीवर आले. म्हाळू बाजेवर बसला होता, कडूबाई वाड्याच्या तोंडाशी होती. गहिनीनाथनं उभ्यानंच सांगितलं. डाग सांगितला, बीडचा वर्ग सांगितला, काल आपलं नाव जाईल म्हणून मान हलवली तेही सांगितलं. त्यानं काही वगळलं नाही.

म्हाळू जमिनीकडं बघत होता. त्याला राग गहिनीनाथचा यायला हवा होता, आणि तो आलाही असेल. पण आधी दुसरंच काही निस्तरायचं होतं, आणि ते कसं करतात हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी खाकरून तो म्हणाला, "भिवरे, च्या टाक."

"तुमी टाका," भिवराबाई म्हणाली. "मला शेळ्या सोडायच्यात."

तिनं कडूबाईच्या बाजूनं जाऊन वाड्याचं फाटक उघडलं. कडूबाई बाजूला सरकली. शेळ्या भिवराबाईच्या अंगावर झेपावल्या, आणि ती एकेकीला नावानं शिव्या देत बाहेर काढू लागली.

म्हाळू उठला. घरात गेला. भांडी वाजली. थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज आला, "साखर कुठं हाय गं?" भिवराबाई शेळ्या घेऊन माळाकडं निघाली होती.

गहिनीनाथ अंगणात उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही कुणी म्हटलं नाही.