कोरड्या रस्त्याचे टायर

माझ्या गाडीत दोन माणसं आणि एक पर्स मावते. त्यामुळे रेसिंगच्या ट्रॅकवर जाताना टायरचा दुसरा संच बरोबर नेणं मला जमत नाही. बाकीचे लोक नेतात, तिथे पोचल्यावर बदलतात, निघताना पुन्हा बदलतात. मी मात्र ज्या टायरवर ट्रॅकच्या फेऱ्या मारते, त्याच टायरवर घरी येते. त्यांच्यावर खाचा नावापुरत्या, रबर मऊ. तापलेल्या कोरड्या रस्त्याला ते गोचिडासारखे चिकटतात, पण गार आणि ओल्या रस्त्यावर त्यांचा काही भरवसा नाही. कायद्याने चालतात, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा प्रश्न नेहमी तोच असतो.

नोकरीभर मी मोटार शिकवली. शेजारच्या सीटवर बसून, दुसऱ्यांच्या चुकांवर माझ्या बाजूचा ब्रेक दाबत. निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली आणि घरात भूकंप झाला. आमचे चिरंजीव विमा कंपनीत आहेत, त्यांना जिकडेतिकडे अपघातच दिसतात. या वयात शिंगं मोडून वासरांत कशाला शिरायचं, असं त्यांनी मला ऐकवलं. सूनबाई बोलल्या नाहीत, पण गाडी दिसली की नाक मुरडायच्या. शेवटी चिरंजिवांनी अट घातली, एकदा जरी काही झालं तर चावी त्यांच्या हवाली करायची. मी हो म्हटलं. चावी गेली की माझे रविवार गेले, आणि मग उरलेला आठवडा घेऊन मी काय करणार होते?

परवाच्या रविवारी ट्रॅकवरून निघाले तेव्हा लख्ख ऊन होतं. अर्ध्या वाटेवर आभाळ भरून आलं आणि धो धो कोसळायला लागलं. मी वेग उतरवला, तरी पहिल्याच डबक्यात स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं. ब्रेकला न शिवता ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलला, चाकं सरळ धरली, आणि गाडीने पुन्हा रस्ता पकडला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ट्रॅकवर टायर तापले की आतली हवा फुगते, म्हणून मी ती थोडी सोडली होती. निघताना परत भरायची विसरले होते आणि गार झालेले टायर आता पार बसले होते. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

पुढच्या पेट्रोल पंपावर थांबून हवा भरली. मग शहाण्यासारखा घरी फोन केला, की पाऊस आहे, अमक्या पंपावर थांबलेय, सावकाश येतेय, उशीर होईल. बस, एवढंच. चहा घेऊन, जोर ओसरायची वाट बघत बसले होते, तर टॅक्सीतून चिरंजीव उतरले. टॅक्सी लगेच परत पाठवली आणि माझ्यासमोर तळहात पसरून उभे राहिले.

“चावी दे. गाडी मी नेतो.”

“काय झालं म्हणून?”

“तू फोन केलास. एरवी कधी करतेस का?”

मला असा संताप आला की चहाचा कप खाली ठेवावा लागला. पण खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून डबक्याचं सांगितलं, हवेचंही सांगितलं.

“म्हणजे झालंच की,” तो म्हणाला.

“झालं नाही. होणार होतं, ते मी होऊ दिलं नाही. या टायरवर ओल्या रस्त्यात तू कधी चालवलीयस? नाही ना? मग शेजारी बस.”

पंपावरचा हवा भरणारा आमच्याकडे टक लावून बघत होता. चार लोकांत तमाशा नको म्हणून असेल, पण चिरंजीव बसले.

पाऊस आता भुरभुरत होता, रस्ता मात्र चकाकत होता. मी अगदी कडेने, जपून निघाले. एक ट्रक पाणी उडवत गेला तेव्हा चिरंजिवांनी ब्रेक असल्यासारखी पायाखालची चटई दाबून धरली. हळूहळू मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. एक जुनी स्कूटर आम्हाला मागे टाकून गेली. स्कूटरवाल्याने वळून आधी माझी गाडी पाहिली, मग मला पाहिलं आणि तो मनसोक्त हसला. चिरंजिवांचे कान लाल झाले.

“आई, जरा वाढव ना. लोक हसतायत.”

मला वेगावरून इतकी भाषणं देणारा हा माणूस. माझा कानांवर विश्वास बसेना.

“हसू देत.”

“मागे केवढी रांग लागलीये.”

“लागू दे. ज्याला घाई आहे तो जाईल पुढे.” मग मला राहवेना. “पळणारी आई तुला चालत नाही. सावकाश जाणारी आईही चालत नाही. तुला घरात बसलेली आई हवीय. ती मिळायची नाही.”

हॉर्न वाजत राहिले आणि मी माझ्याच वेगाने चालवत राहिले.

घराखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं. तो उतरेना. चावी अजून माझ्या हातात होती आणि त्याची नजर तिच्यावर होती.

“अटीचं काय?” त्याने विचारलं, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

मी चावी खिशात टाकली आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

“पुढच्या रविवारी पाऊस असला तर मला उशीर होईल,” मी म्हटलं. “तुम्ही जेवून घ्या.”