विंगेतला मुढा

मित्रांनो, मुढा पाहिलाय का कधी? बोरूच्या काड्या सुतळीने आवळून केलेलं, डमरूच्या आकाराचं बैठं आसन. पाठ नाही, हात नाहीत. आमच्या भोपाळकडे अंगणात, गच्चीवर, पानाच्या टपरीशेजारी आमची जात सगळीकडे दिसते. मी तसलाच एक जुना मुढा आहे. फरक इतकाच, की माझं आयुष्य नाटकाच्या विंगेत गेलं.

अशोका गार्डन वस्तीत रेल्वेलाइनच्या बाजूला एक कारागीर फुटपाथवरच आम्हाला विणायचा. माझ्या बुडाला त्याने जुन्या टायरची पट्टी शिवली आणि मला रांगेत उन्हात ठेवलं. वसुधाताईंनी मला उचललं, हलवून पाहिलं. मी कर्र वाजलो. "ये तो बोलता है, भैया," त्या म्हणाल्या. "बोलेगा तो साथ रहेगा, बहनजी!" तो हसून म्हणाला. माझ्या आवाजाला त्यापूर्वी कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. मी त्याच क्षणी त्यांचा झालो.

त्यांचे यजमान नरहरराव कारखान्यात फोरमन होते, पण जीव सगळा नाटकात. मराठी मंडळाचं कुठलंही नाटक असो, मुख्य काम त्यांचं. आवाज दमदार, उभं राहणं रुबाबदार आणि पाठांतर मात्र यथातथाच! म्हणून डाव्या विंगेत, अंधारात, हातात संहिता घेऊन वसुधाताई माझ्यावर बसायच्या. नरहरराव अडखळणार हे त्यांना आधीच कळायचं. त्या शब्द द्यायला पुढे झुकल्या की त्यांच्या वजनाने मी कर्र वाजायचो. माझी करकर ऐकली की नरहररावांचा धीर परत यायचा. पुष्कळदा ताईंना तोंड उघडावंच लागायचं नाही, तेवढ्यानेच नरहररावांना वाक्य आठवायचं. मग टाळ्या पडायच्या, नरहरराव कमरेत वाकून नमस्कार करायचे आणि ताई संहिता पिशवीत घालून मला काखेत मारायच्या. आम्हाला कोणी पाहायचं नाही. मला त्याचं काही वाटत नव्हतं. ताईंनाही वाटत नसावं, असं मी धरून चाललो होतो.

एकदा एका नाटकात मावशीचं छोटंसं काम करणाऱ्या बाई ऐनवेळी आजारी पडल्या. तालीम संपल्यावर वसुधाताई माझ्यावरून उठल्या आणि म्हणाल्या, "अहो, ते मावशीचं काम मी करू का? मला पाठ आहे सगळं." आणि तिथेच, पदर सारखा करून, त्यांनी मावशीचं पहिलं वाक्य म्हटलंसुद्धा, "दार उघडंच होतं, म्हणून आले." काय गोड म्हणाल्या होत्या! नरहरराव हसले. "अगं, तू स्टेजवर आलीस तर मला शब्द कोण देणार?" ताईही हसल्या आणि परत माझ्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी अरेरा कॉलनीतल्या एक बाई आल्या आणि ते काम करून गेल्या. ताईंनी पुन्हा कधी विषय काढला नाही.

वर्षं सरली. नरहरराव रिटायर झाले, नाटकं कमी झाली. मग ताई आजारी पडल्या आणि एका उन्हाळ्यात गेल्या. मला बाल्कनीत ठेवलं गेलं. माझ्यावर कोरफडीची कुंडी आली. पाण्याने माझी सुतळी कुजली, काड्या काळ्या पडल्या. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं. पण घरातलं माणूसच गेलं होतं, मुढ्याची विचारपूस कोण करणार?

आतल्या खोलीत नरहरराव काहीतरी लिहीत असायचे. मग मोठ्याने म्हणायला लागले. बायको गेल्यानंतरच्या दिवसांवर त्यांनी एकपात्री प्रयोग रचला होता. सवयीने दोन कप चहा टाकणं, तिच्या चष्म्याचं काय करायचं ते न कळणं, असं सगळं त्यात होतं. रोज ऐकून मलाही तो पाठ झाला.

प्रयोगाच्या दिवशी त्यांनी कुंडी उतरवली, मला पुसलं आणि हॉलवर नेलं. पुन्हा डावी विंग! मी हरखून गेलो. पण माझ्यावर ताईंचा फोटो ठेवून त्याला शेवंतीचा हार घातला गेला. त्यांची लेक योगिनी म्हणाली, "बाबा, मी बसून जाते ना इथे. तुम्ही अटकलात तर?"

"तिच्या जागेवर कोणी बसायचं नाही," नरहरराव म्हणाले. "तू समोर बस."

माणसं प्रेमाच्या भरात असं करतात, मित्रांनो. जागा इतकी जपतात, की ती कुणाच्या कामाची राहत नाही.

पहिला भाग झकास झाला. लोक डोळे पुसत होते. मग चहाचा प्रसंग आला. नरहररावांनी दुसरा कप उचलला आणि थांबले. लोकांना वाटलं, अभिनय आहे. मला कळलं, ते अडले होते. त्यांनी डाव्या विंगेकडे पाहिलं. माझ्या करकरीची वाट पाहत होते ते! पुढचं वाक्य मला येत होतं, पण मला तोंड कुठलं? आणि वजन पडल्याशिवाय मी वाजू शकत नाही. फोटोला कितीसं वजन असणार! इतका लाचार मी कधीच झालो नव्हतो.

योगिनी खुर्चीतून अर्धी उठली. तिला हाताने थांबवून नरहररावांनी कप खाली ठेवला.

"मंडळी, मी अडलोय," ते म्हणाले. "आजवर अडलो की त्या विंगेतून शब्द यायचा. माझी बायको बसायची तिथे. तिने एकदा माझ्याकडे एक छोटं काम मागितलं होतं. मी हसण्यावारी नेलं. तीही हसली, म्हणून मी समजलो, तिला चालतंय. या प्रयोगात मी सगळं लिहिलंय. तेवढंच लिहिलं नाही."

ते विंगेत आले. फोटो काढून त्यांनी छातीशी धरला, दुसऱ्या हाताने मला उचललं आणि रंगमंचाच्या मधोमध नेऊन ठेवलं. वरून प्रकाश माझ्यावर आला. जन्मात पहिल्यांदा मी रंगमंचाच्या उजेडात होतो. मग नरहरराव मागे फिरले आणि डाव्या विंगेत, अंधारात, ताई बसायच्या तिथे जाऊन उभे राहिले. तिथून, शब्द देतात तशा हलक्या आवाजात म्हणाले,

"दार उघडंच होतं, म्हणून आले."

आणि थांबले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. शब्द नीट मिळत होता. तो घ्यायला मंचावर कोणी नव्हतं.

पुढे टाळ्या झाल्या, पुष्कळ झाल्या. नरहरराव नमस्काराला बाहेर आले नाहीत. त्या टाळ्या माझ्या कुजक्या काड्यांवर पडत राहिल्या आणि मला त्या नको होत्या.

आता योगिनीने माझी सुतळी बदलून घेतली आहे. संध्याकाळी ती बाबांजवळ माझ्यावरच बसते. ती पुढे झुकली की मी कर्र वाजतो, आणि नरहरराव दर वेळी चटकन मान वर करतात. मग तिला पाहून, "तू होय," म्हणतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पाण्यापासून जपा, एवढं तर मी सांगेनच. पण तुमच्या घरातही कोणी असं विंगेत बसून तुम्हाला शब्द देत असेल. त्यांना कधी उजेडात यायचं होतं का, हे एकदा विचारा. आणि ते हसले, तर पुन्हा विचारा.